सहमत, पण कोणाशी?

आंतरजालावरील मराठी साहित्यचर्चेत सर्वाधिक निरर्थक झालेला शब्द कोणता, असे कोणी विचारल्यास मी 'सहमत' हा शब्द सांगेन. दोष शब्दाचा नाही. मध्यंतरी अध्यापक आणि विद्यार्थी यांच्या एका व्हॉट्सअॅप गटात 'कोसला'वर बोलणे चालले होते. पांडुरंग सांगवीकराचा उपरोध पुण्यावर आहे की स्वतःवर, असा नेमका प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. पुढच्या तासाभरात कोणी नेमाड्यांच्या देशीवादावर घसरले, कोणी चर्चासत्राची निमंत्रणपत्रिका डकवली, दोघांना वाढदिवसाच्या शुभेच्छा मिळाल्या आणि अखेरीस एका ज्येष्ठांनी लिहिले, 'सहमत'. कोणाशी, ते आजतागायत कळलेले नाही. प्रश्न अनुत्तरित राहिला, आणि तो राहिला हे कोणाच्या ध्यानातही आले नाही, हे अधिक गंभीर आहे.

हा आळस नव्हे, मांडणीचा परिणाम आहे. केवळ कालक्रमाने रचलेल्या ओघाला विधान कधी आले एवढेच ठाऊक असते. ते कशाला उत्तर म्हणून आले हे ठाऊक नसते. वाद मात्र दुसऱ्या गोष्टीवर उभा असतो. यूजनेटच्या काळातील तंत्रज्ञांना हे पक्के उमगले होते. डिसेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नियमावलीत प्रत्युत्तरादाखल लिहिलेल्या प्रत्येक संदेशाने, तो ज्या संदेशांमुळे लिहिला गेला त्यांचे क्रमांक नोंदवणे सक्तीचे होते. नवा विषय काढणाऱ्याला मात्र तशी नोंद करण्यास मनाई होती. समीक्षेचा कोणताही आव नसलेल्या माणसांनी घालून दिलेली इतकी स्वच्छ वादनीती आपल्या नियतकालिकांनीही क्वचितच पाळली असेल. (अवांतर: विषय भरकटला की शीर्षक बदलून कंसात जुने शीर्षक देण्याची तिथली रीत मला आजही मोहवते.)

कोण कोणाला उत्तर देतो आहे, हा प्रश्न आपल्या शास्त्रांनाही नवा नाही. कात्यायनाची वार्तिके आपल्यापर्यंत स्वतंत्रपणे आलेली नाहीत. ती पतंजलीच्या महाभाष्यात विणलेली आहेत. आक्षेप, त्यावरील शंका, तिचे निरसन हे सारे तिथे सलग वाहते. कोणते वाक्य कोणाचे हे नीट न पाहता गोल्डस्टुकरसारख्या विद्वानाने कात्यायनाला पाणिनीचा छिद्रान्वेषी विरोधक ठरवून टाकले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न यांनी १८७६ मध्ये या तिघांच्या संबंधांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, वार्तिक आणि भाष्य वेगळे कसे ओळखावे हे दाखवले आणि कात्यायनावरचा तो आरोप खोडला. धागे सुटे केल्यावर एका वैयाकरणाची प्रतिमाच पालटली. आपण आज करत असलेल्या वादांसाठी उद्या कोणी कीलहॉर्न बसणार आहे काय? आणि बसला तरी निनावी 'सहमत'चे तो काय करणार?

धाग्यांवरचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. जेफ अॅटवुड यांनी २०१२ मध्ये सपाट चर्चेची बाजू जोरकसपणे मांडली. फांद्याफांद्यांचे झाड वाचणे जड जाते, नवे उत्तर कुठे उगवले ते शोधत बसावे लागते आणि चर्चेची शकले होतात, असे त्यांचे म्हणणे. दहाजणांच्या गप्पांसाठी ते मान्य. पण वाङ्मयीन वाद म्हणजे गप्पा नव्हेत. तिथे शकले होतातच. प्रश्न एवढाच, की ती दिसावीत की ढिगाखाली गाडली जावीत. व्हॉट्सअॅपने २०१६ मध्ये मूळ संदेश उद्धृत करून उत्तर देण्याची सोय दिली, तिचा दाखला मला हमखास दिला जातो. तिने एक दुवा मिळतो. एका आक्षेपाला आलेली पाच उत्तरे मात्र त्यामुळे एकत्र उभी राहत नाहीत. आणि उतावीळ मंडळी तेवढाही त्रास घेत नाहीत.

सपाट ओघात जिंकतो तो शेवटचे बोलणारा, आणि बहुधा वयाने ज्येष्ठ. धाग्यात मात्र विद्यार्थिनीचा आक्षेप आपल्या जागी टिकतो, उत्तर न देणाऱ्याचे मौनही तिथे नोंदले जाते. आपल्यापैकी काहींना ओघच बरा का वाटतो, याचे एक कारण मला इथे दिसते.

तिचा प्रश्न मी स्वतंत्र शीर्षक देऊन विरोपाने पाचजणांना पाठवला. तीन उत्तरे आली आहेत. दुसरे पहिल्याला खोडते, तिसरे दोघांनाही, आणि आता तिचे प्रत्युत्तर यायचे आहे.