कुंकू राहिले, सातबाऱ्याचे काय?

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे गावात होऊ नये, असे ठरले. राज्य शासनानेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरविण्यास सांगितले. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे. पण वैधव्याचे अर्थशास्त्र त्याने बदलते काय?

बहिणाबाई चौधरी यांचे चरित्र या संदर्भात आठवावे. 1880 साली जळगावजवळच्या असोद्यात शेतकरी घरी जन्म, तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य आणि पदरी तीन मुले. प्रेमाचा आधार तुटला, तरी शेत आणि जाते सुटले नाही. अक्षरओळख नसलेल्या या स्त्रीने सुखदुःख ओव्यांत गुंफले. 1951 मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कविता ग्रंथरूपाने आल्या. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या तरुणपणी एकत्र हिंदू कुटुंबातील विधवेला सामान्यतः पोटगीपलीकडे हक्क नव्हता. 1937 च्या कायद्याने हयातीपुरता हिस्सा दिला. 1956 च्या वारसा कायद्याने पतीच्या हिश्श्यात मुलांच्या बरोबरीने पूर्ण मालकी दिली. तरीही 2015-16 च्या कृषिगणनेत देशातील वहितीच्या खात्यांपैकी स्त्रियांची खाती सुमारे 14 टक्केच भरली.

कायदा आणि वस्तुस्थिती यांतील ही दरी वारस-नोंदीच्या वेळी पडते. दुःख ताजे असते, मुले लहान असतात आणि भाऊबंद हक्कसोडपत्र पुढे करतात. ‘जमीन घरातच राहील’ या शब्दावर सही किंवा अंगठा होतो. सातबाऱ्यावरून नाव गेले, की पीककर्ज आणि नुकसानभरपाई दुसऱ्याच्या हाती जाते. कालची शेतकरीण स्वतःच्याच शेतात मजुरीण ठरते.

म्हणून ग्रामसभेच्या ठरावाला दुसरे कलम जोडले पाहिजे: मृत्यूची नोंद होताच विधवेच्या वारस-नोंदीचा पाठपुरावा ग्रामपंचायतीने करावा. कार्यकर्त्यांनी सांत्वनाला जाऊन तेवढ्यावर न थांबता तिच्यासोबत तलाठ्याकडेही जावे आणि हक्कसोडपत्राचा अर्थ तिला आधी समजावून सांगावा. विद्यापीठाच्या कमानीवर शेतकरी विधवेचे नाव लागले, हे भूषणच; ते सातबाऱ्यावरही लागले पाहिजे.