शर्यत देशांची, धाप बाईला

ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात सत्तापालट झाला. ढाक्याच्या आसपासचे तयार कपड्यांचे कारखाने काही दिवस बंद पडले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर लगेच चर्चा सुरू झाली, की भारतीय उद्योगाला ही चांगली संधी आहे. बरोबर वर्षाने, ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावले. तिरुपूरच्या कारखान्यांतल्या ऑर्डरी अडकल्या, आणि आता संधी बांगलादेशची आणि व्हिएतनामची झाली. वर्षभरात पारडे फिरले. पण ढाक्यात मशीन थांबले तेव्हा त्यामागची बाई काय खात होती, आणि तिरुपूरमध्ये मशीन थांबले तेव्हा तिथल्या बाईने घरभाडे कुठून भरले, हा प्रश्न दोन्ही वेळा त्या पानांवर फारसा कोणाला पडला नाही.

मैत्रिणींनो, 'देशाची स्पर्धा' हा शब्द गेली कित्येक वर्षे आपल्या कानावर आदळतो आहे. चीनला मागे टाकायचे, व्हिएतनामच्या पुढे जायचे, जगाचा कारखाना व्हायचे. ऐकायला छान वाटते. पण स्वस्त श्रमावर चालणाऱ्या उद्योगांत ही शर्यत नेमकी कशाची असते, ते एकदा नीट पाहायला हवे. कोणत्या देशातली बाई कमीत कमी पैशांत, जास्तीत जास्त तास आणि तोंड न उघडता काम करील, याचा हा लिलाव आहे. लिलावात सरकारे आपापल्या बायका उभ्या करतात. माल उचलणारा मात्र या दोन्ही देशांतला नसतो. त्याचे दुकान न्यूयॉर्कला असते, लंडनला असते. ढाका महाग झाले की तो तिरुपूरला येतो, तिरुपूर महागले की हनोईला जातो. देश हरो वा जिंको, त्याचा नफा ठरलेलाच.

हा युक्तिवाद नवा नाही. आपल्या मुंबईने तो दीडशे वर्षांपूर्वी ऐकला आहे. १८७० नंतर मुंबईच्या कापड गिरण्या वाढू लागल्या तसे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या पोटात दुखू लागले. हिंदुस्थानातल्या गिरण्यांनाही कामाच्या तासांचा कायदा लावा, अशी मागणी त्यांनी केली. कामगारांविषयीच्या कळवळ्यापेक्षा त्यात स्पर्धेची भीती जास्त होती, हे उघड आहे. पण इथल्या गिरणीमालकांनी काय केले? हा आपल्या देशी उद्योगावरचा घाला आहे, असे म्हणून त्यांनी कायद्याला विरोध केला, आणि त्या काळच्या बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी त्यांची तळी उचलली. दोन देशांचे मालक एकमेकांशी भांडत होते आणि दोघांच्याही तोंडी देशाचे हित होते. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत गिरणीत राबणाऱ्या बाईचे हित दोघांच्याही यादीत नव्हते.

ते यादीत आणले नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते सत्यशोधक होते, 'दीनबंधु'चे संपादक होते. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात भरपाई, या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. त्याच वर्षी गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला ११ तासांवर आणले. कामगारांनी हे मागितले म्हणून मुंबईचा गिरणीधंदा बुडाला का? त्यानंतर कित्येक दशके तो वाढतच होता. आठवड्याचे तास पुढे ५४ वरून ४८ वर आले ते १९४६ साली. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळत होते, त्या काळात हा बदल आकाराला आला. म्हणजे आठ तासांचा दिवस आपल्याला कोणी बक्षीस दिलेला नाही. त्याच्यामागे साठ वर्षांचे भांडण आहे.

आता ते तास पुन्हा बाराकडे निघाले आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकने कायदा बदलून कारखान्यांत १२ तासांच्या पाळीला वाट करून दिली आणि स्त्रियांना रात्रपाळीही खुली केली. एप्रिल २०२३ मध्ये तामिळनाडूच्या विधानसभेने १२ तासांचे विधेयक मंजूर केले. कामगार संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते १ मे रोजी मागे घेण्याची घोषणा झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायला आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. कारण काय? गुंतवणूक यावी, रोजगार वाढावा. दाखला कोणता? इतर राज्यांनी हे आधीच केले आहे. पाहा, देशादेशांतली शर्यत आता राज्याराज्यांत आली. कर्नाटक बारा तास देते, मग आपण का नाही! जणू ते तास सरकारच्या खिशातून जायचे आहेत.

ते कोणाच्या खिशातून जातात, याचा हिशेब सरकारच्याच कागदावर आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटे निघाला, पुरुषांचा ८८ मिनिटे. नोकरी करणाऱ्या बाईला यातले काही तिच्या सासूवर, काही थोरल्या मुलीवर ढकलावे लागते, ते सोडून द्या. तरी बारा तासांची पाळी, जाण्यायेण्याचे दोन तास आणि घरचे तीन तास धरले, तरी सतरा होतात. उरलेल्या सात तासांत तिने झोपायचे, मुलाचा ताप पाहायचा, रेशनच्या रांगेत उभे राहायचे. पुरुषाच्या बारा तासांच्या मागे घरी एक बाई उभी असते. बाईच्या बारा तासांच्या मागे कोण उभे असते?

मी ज्या वस्त्यांत काम करते तिथून जवळच्या औद्योगिक वसाहतीत रोज कंत्राटदाराच्या गाड्या जातात. महिला मंडळाची बैठक पूर्वी संध्याकाळी सात वाजता भरायची. आता ती रविवारीसुद्धा धड भरत नाही, कारण टार्गेट पुरे झाले नाही तर रविवारीही बोलावतात. पाळी चुकली तर हजेरी कापली जाते. पाणी प्यायले तर लघवीला जावे लागते आणि लाइन सोडली तर सुपरवायझर ओरडतो, म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. डॉक्टर त्याला लघवीच्या मार्गाचा संसर्ग म्हणतात. स्पर्धेच्या कोष्टकात त्याला उत्पादकता म्हणतात.

पण इथे एक अवघड प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. रात्रपाळीची बंदी उठावी, ही स्त्रीमुक्ती चळवळीतल्या काहींचीही मागणी होती. १९४८ च्या कारखाने कायद्यातले कलम ६६ बाईला संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी कारखान्यात ठेवायला मनाई करत होते. बाईला रात्री जपून ठेवण्याची ही भाषा आपल्याला कधीच पटलेली नाही, आणि डिसेंबर २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली तेव्हा आपल्यातल्या अनेकींना बरेच वाटले. मग आता नव्या श्रमसंहितांनी, ज्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, संमती घेऊन स्त्रियांना रात्रपाळी सर्वत्र खुली केली, तर तक्रार कशाची?

तक्रार अशी, की ज्या संहितांनी बाईला रात्रीचे दार उघडले, त्यांनीच तिच्या हातातली काठी काढून घेतली. वीज वापरणाऱ्या कारखान्यावर कायदा लागू व्हायला पूर्वी १० कामगार लागत, आता २० लागतात. कामगार कमी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी १०० कामगारांवर घ्यावी लागे, ती आता ३०० वर. संपाला आधी नोटीस देणे सगळ्यांनाच बंधनकारक झाले. ज्या बाईची नोकरी उद्या सकाळी जाऊ शकते, जिच्या पाठीशी संघटना नाही, तिच्या संमतीला काय अर्थ? नवऱ्याच्या घरात 'तिची संमती होती' हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे आणि त्याची किंमत काय असते ते आपल्याला पुरते ठाऊक आहे. कारखान्यात ते वाक्य खरे कसे मानायचे? समानता म्हणजे पुरुषाइतके पिळून घेण्याचा हक्क, अशी व्याख्या आपण केलेली नव्हती.

भांडवलाला बाईच का लागते, याचे उत्तरही जुनेच आहे. अंधेरीचे सिप्झ १९७३ साली उभे राहिले. असे निर्यात विभाग आशियात जागोजाग निघाले. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि कपड्यांच्या कामाला मुलीच का घेता, तर बायकांची बोटे चपळ असतात, हे ठरलेले उत्तर. १९८१ साली डायन एल्सन आणि रूथ पिअर्सन यांनी त्यातली मखलाशी दाखवून दिली. ही चपळाई जन्मजात नाही, घरी शिवणटिपण करून मुलगी ती शिकते. पण ती घरात शिकली म्हणून ते कौशल्य धरायचे नाही, आणि कौशल्य नाही म्हणून पगार कमी. घरातले दुय्यमपण असे कारखान्याच्या दारात भांडवल होऊन येते.

दुय्यमपणाची किंमत किती? १० मे १९९३, थायलंडमधला कादर खेळण्यांचा कारखाना. आगीत १८८ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. २४ नोव्हेंबर २०१२, ढाक्याजवळचा ताझरीन कारखाना. शंभराहून अधिक मृत्यू. २४ एप्रिल २०१३, सावरची राणा प्लाझा. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद झाली. वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र पगार कापण्याची धमकी देऊन आत पाठवले, कारण ऑर्डर वेळेत जायला हवी होती. १,१३४ माणसे मेली, त्यांत स्त्रिया जास्त.

आणि आपल्याकडे? चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन जोडले जातात. भारत चीनला कसा मागे टाकतो आहे, याचे उदाहरण म्हणून याच कारखान्याचे फोटो छापून येतात. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या कामगार मुलींच्या वसतिगृहात अन्नातून विषबाधा झाली, दीडशेहून अधिक मुली रुग्णालयात गेल्या. मुली हमरस्त्यावर बसल्या. तेव्हा कुठे कारखाना काही आठवडे बंद राहिला आणि राहण्या-जेवणाच्या काही सोयी निकषाला धरून नव्हत्या, हे ॲपलला मान्य करावे लागले. जून २०२४ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली, की तिथे विवाहित स्त्रियांना भरतीत नाकारले जाते. कंपनीने भेदभावाचा आरोप फेटाळला. पण बाई हवी ती बिनलग्नाची, बिनपोराची, वसतिगृहात डांबता येईल अशी, हा हिशेब या धंद्यात सर्रास चालतो, हे कामगार वस्तीतली कोणतीही कार्यकर्ती सांगेल. २०२३ च्या आर्थिक वर्षात ॲपलचा निव्वळ नफा ९७ अब्ज डॉलर होता. एवढ्या नफ्यातून वसतिगृहातल्या डाळभाताला पैसे पुरत नाहीत, ते स्पर्धेमुळे?

"तुम्ही असे बोलाल तर कारखाने दुसरीकडे जातील, बायकांचाच रोजगार बुडेल." हा शेवटचा हुकमी पत्ता. रोजगार आपल्याला हवाच आहे. स्वतःच्या हातात आलेल्या पहिल्या पगाराने बाईचा घरातला आवाज कसा बदलतो, ते आपण पाहिले आहे. पण धमकी खरी आहे का? राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये जगभरच्या कामगार संघटनांनी मोठ्या ब्रँडना बंधनकारक सुरक्षा-करारावर सह्या करायला लावल्या. दीड हजारावर कारखान्यांची तपासणी झाली, जिने आणि वायरिंग सुधारले. पुढच्या दशकात बांगलादेशची कपड्यांची निर्यात घटली नाही, चांगली वाढली. कारखाने पळाले नाहीत.

बायका गप्पही बसलेल्या नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये केंद्र सरकारने प्रॉव्हिडंट फंड काढण्यावर बंधने आणली, तेव्हा बंगळुरूच्या हजारो शिवणकामगार स्त्रिया कोणत्याही मोठ्या पुढाऱ्याशिवाय रस्त्यावर उतरल्या. दोन दिवसांत सरकारने नियम मागे घेतला. तामिळनाडूत दिंडीगुल भागात एका तरुण दलित कामगार मुलीचा सुपरवायझरने खून केल्यानंतर दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या कामगार संघटनेने लढून २०२२ साली कारखानदार आणि परदेशी ब्रँड दोघांनाही बांधून घेणारा करार केला. लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी माणसे त्या करारानुसार कामगारांतूनच नेमली गेली.

आणि शर्यतीचे मूळच तोडणारी एक मागणी आहे : आशिया तळवेतन. २००९ पासून आशियातल्या अनेक देशांच्या संघटना मिळून हा हिशेब मांडतात. आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त नाही, अशा कामात एका कामगाराने कुटुंबाला पोटभर जेवू घालता येईल असे वेतन मिळवावे, आणि त्याखाली कोणत्याच देशात कोणी जाऊ नये. ढाक्याची बाई आणि तिरुपूरची बाई एकाच तळावर उभ्या राहिल्या, तर लिलाव कोणाचा करणार? नोव्हेंबर २०२३ मध्ये बांगलादेशच्या संघटना २३,००० टका किमान वेतन मागत होत्या, मिळाले १२,५००, आणि त्या आंदोलनात कामगारांचे जीव गेले. आपल्याकडच्या किती महिला संघटनांनी तेव्हा पाठिंब्याचा ठराव केला?

म्हणून आपल्या गटांपुढे तीन कामे आहेत. आपल्या भागातल्या कारखान्यांत बायकांचे तास, पाळ्या, संडास, वाहन आणि पाळणाघर यांची माहिती गोळा करून लिहून ठेवा. पूर्वी हुंडाबळींची नोंद ठेवायचो तशी. बारा तासांचा प्रश्न फक्त कामगार संघटनांवर सोडू नका. त्यांच्या सभेत जा, आणि घरकामाचे तास त्यांच्या मागणीपत्रात घाला. आणि बांगलादेशच्या बाईला स्पर्धक म्हणणारी बातमी पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा संपादकाला पत्र लिहून विचारा : ती आमची बहीण असेल, तर तिचे मशीन थांबल्याचा आनंद आम्ही कशासाठी करायचा?