विशेष पथकाच्या गाडीतून आपण कसे दिसतो?

केरळच्या पिंक पोलीस गस्तीची सुरुवात ऑगस्ट २०१६ मध्ये तिरुवनंतपुरम शहरात झाली. गाडीत महिला पोलीस, मदतीसाठी १५१५ हा स्वतंत्र क्रमांक, आणि बसथांबे, शाळा-कॉलेजांचे रस्ते, गर्दीची ठिकाणं इथे फिरण्याचं काम. बायका आणि मुलं रस्त्यावर निर्धास्त वावरावीत म्हणून हे पथक उभं राहिलं.

२७ ऑगस्ट २०२१ रोजी त्याच जिल्ह्यातल्या आट्टिंगल इथे एक दलित बाप आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होता. अंतराळ केंद्राकडे निघालेली अवजड यंत्रसामग्री तिथून जाणार होती, ती पाहायची मुलीला हौस. जवळच पिंक पोलिसांची गाडी होती. गाडीतला आपला मोबाइल या दोघांनी चोरला, असा आरोप महिला पोलीस अधिकाऱ्याने भर रस्त्यात केला. लोक जमले. मुलगी रडत राहिली. मोबाइल अखेर गाडीतल्या पोलिसांच्याच बॅगेत सापडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केरळ उच्च न्यायालयाने मुलीला दीड लाख रुपये भरपाई आणि खटल्याचे २५ हजार रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.

या प्रकरणाकडे 'एका अधिकाऱ्याचा उद्धटपणा' म्हणून पाहणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ज्या पथकाचं कामच लहान मुलांना ओळखून जपण्याचं, त्या पथकाला समोरच्या लहान मुलीत आधी चोर दिसला. गाडीचा रंग बदलला, क्रमांक वेगळा मिळाला, पण आत बसलेल्या माणसाची नजर ठाण्यातून जशी निघाली तशीच गाडीत येऊन बसली.

तरीही अशा पथकांना माझा विरोध नाही. उलट ती कशी जन्माला येतात, हे आपण नीट समजून घ्यायला हवं. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात निडो तानिया या अरुणाचल प्रदेशच्या विद्यार्थ्याला मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. ईशान्येचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. त्याच वर्षी दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या लोकांसाठी विशेष पथक स्थापन केलं, १०९३ हा क्रमांक दिला. हैदराबादमध्ये ऑक्टोबर २०१४ पासून साध्या वेशातली 'शी टीम्स' पथकं छेडछाड करणाऱ्यांना गर्दीतच पकडू लागली. पुण्यात दामिनी पथक आलं, मुंबईत निर्भया पथक. म्हणजे एखादा धोका खरा आहे हे सरकारला मान्य झालं की गाडी मिळते, माणसं मिळतात, फोन नंबर मिळतो.

जातीच्या बाबतीत काय मिळालं? अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत, नियम ८ नुसार, प्रत्येक राज्याच्या मुख्यालयात अनुसूचित जाती-जमाती संरक्षण कक्ष असायला हवा. महाराष्ट्रात नागरी हक्क संरक्षण शाखा आहे, कर्नाटकात नागरी हक्क अंमलबजावणी संचालनालय आहे, बिहारमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळी ठाणी आहेत. डिसेंबर २०२१ पासून १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. यांतली प्रत्येक गोष्ट झगडून मिळालेली आहे, तिला कमी लेखू नये. पण नियम ८ मधला कक्ष मुख्यतः पाहणी करतो, अहवाल पाठवतो, तपासावर देखरेख ठेवतो. घटना घडत असताना दारात पोचते ती नेहमीची गस्त. हा प्रसंग 'अत्याचार' की 'किरकोळ भांडण', हे जागेवर ठरवतो तो गस्तीवरचा हवालदार.

मराठी मुलूख सोडून दुसऱ्या राज्यातल्या महानगरात शिकायला, नोकरीला आलेल्या आपल्या मुलांसोबत मी काही वेळा पोलीस ठाण्यात गेलो आहे. एकदा आडनावावरून जात कळल्यावर घरमालकाने एका मुलाचं सामान जिन्यात टाकलं, शिव्या दिल्या. गस्तीची मोटारसायकल लगेच आली. आलेल्या पोलिसाने पहिल्यांदा त्या मुलाकडे ओळखपत्र मागितलं, मग खोलीत आणखी कोण कोण राहतं ते विचारलं. घरमालकाला काहीच विचारलं नाही. ठाण्यात नोंद झाली ती 'भाड्याचा वाद' अशी. एम.एससी. झालेला तो मुलगा बाहेर येऊन म्हणाला, "दादा, मी फोन केला होता ना? मग चौकशी माझीच का?"

या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवलं आणि त्यांच्या हजेरीचं, पहाऱ्याचं काम पोलिसांना दिलं. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांच्या याद्या आणि रात्री वस्तीवर जाऊन माणसं मोजण्याची सवय उरली. मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की, केवळ मागास आणि वंचित समाजातला आहे म्हणून कुणाचं नाव पोलिसांच्या अशा नोंदवहीत यांत्रिकपणे चढवू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरच्या निकालात, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी काळजी घ्यावी, असा निर्देश दिला. २०२४ मध्येही हे सांगावं लागलं, यावरून सवय किती मुरलेली आहे ते कळतं.

म्हणून माझी मागणी आणखी एका रंगाच्या गाडीची नाही. ११२ वर येणाऱ्या फोनमध्ये 'जातीय अत्याचार' ही स्वतंत्र नोंद असावी, आणि ती होताच सहायक पोलीस आयुक्तांना व संरक्षण कक्षाला एकाच वेळी कळवलं जावं. आंतरजातीय जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि चोवीस तास हेल्पलाइन असावी, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्तिवाहिनी निकालात सांगितलं आहे. तो कक्षही नियंत्रण कक्षाशी जोडलेला हवा, कारण दारात जमाव उभा असताना अर्ज लिहायला वेळ नसतो. आणि प्रत्येक विशेष पथकात कोणत्या समाजातली किती माणसं आहेत, त्यांना या कायद्याचं कोणतं प्रशिक्षण दिलं, हे आयुक्तालयाने दरवर्षी जाहीर करावं.

हे होईपर्यंत आपल्या हातात काय आहे? आपण घरातले पहिले पदवीधर. वस्तीत कागद वाचता येणारा माणूस म्हणून लोक आपल्यालाच हाक मारतात. तेव्हा एवढं पाठ असू द्या. फोन कधी केला, गस्त कधी आली, गाडीचा क्रमांक आणि पोलिसाच्या छातीवरचं नाव लगेच लिहून ठेवा. कलम १८अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. नियम ७ प्रमाणे तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे जात नाही. शहरात तो अधिकारी म्हणजे सहायक आयुक्त. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकसेवकाला कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. ठाण्यात एकट्याने जाऊ नका, आणि दुसऱ्या कुणाला एकटं जाऊ देऊ नका.

आट्टिंगलच्या त्या बापाने प्रकरण तिथेच सोडून दिलं असतं, तर पोलिसांच्या दप्तरी तो एक गैरसमज म्हणून संपला असता. त्याने तक्रार केली, मुलगी उच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि राज्य सरकारला उत्तर द्यावं लागलं. तुमच्या शहरात कोणती विशेष पथकं आहेत, आणि गेल्या वर्षभरात त्यांनी जातीय अत्याचाराच्या किती फोनना प्रतिसाद दिला, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तर आलं की वस्तीत सगळ्यांसमोर वाचून दाखवा.