कृष्णेचा पूर आणि पडद्यावरचा डॉक्टर

१/ कुरुंदवाड : कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे, पटवर्धनांचे जुने संस्थान. महापुरात येथे पहिली चिंता रस्त्याची आणि लगेच दुसरी औषधाची. टेलिमेडिसिन की प्रत्यक्ष तपासणी, हा आजचा वाद या गावाच्या नकाशावर मांडून पाहण्यासारखा आहे.

२/ १८९४ मध्ये शेजारच्या मिरजेत, पटवर्धनांच्याच दुसऱ्या संस्थानात, डॉ. विल्यम वान्लेस यांनी मिशनचे रुग्णालय उभारले. पण कुरुंदवाड आणि मिरज यांच्यामध्ये कृष्णा आडवी आहे. रुग्णालय जवळ असणे आणि पावसाळ्यात तेथे पोहोचता येणे, या निराळ्या गोष्टी होत.

३/ डॉक्टरलाच गावाजवळ आणण्याचा आराखडा भोर समितीने १९४६ मध्ये मांडला. त्यातून प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. आज सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र आणि ५,००० मागे एक उपकेंद्र, असा निकष आहे.

४/ दुरून तपासण्याची कल्पनाही नवी नाही. टेलिफोनचे पेटंट १८७६ चे. १८७९ मध्येच ‘द लॅन्सेट’ने एक हकिगत छापली : बाळाचा खोकला फोनवर ऐकून डॉक्टरने गंभीर आजार नसल्याचा निर्वाळा दिला होता.

५/ भारतात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी आली. घरबसल्या सल्ला देणारी ‘ई-संजीवनी ओपीडी’ १३ एप्रिलला सुरू झाली.

६/ येथे वाग्भट आठवावा. रुग्णपरीक्षेची त्याने सांगितलेली तीन साधने : दर्शन, स्पर्शन, प्रश्न. पडद्यावर प्रश्न पुरा होतो, दर्शन अर्धे होते, स्पर्शन उरतच नाही.

७/ म्हणून निवड आजारानुसार व्हावी. रक्तदाब वा मधुमेहाच्या जुन्या रुग्णाला पुढच्या सल्ल्यासाठी व्हिडिओ बहुधा पुरतो. त्याची दिवसाची मजुरीही वाचते. पुरानंतरचा ताप मात्र फसवा. लेप्टोस्पायरोसिस आरंभी साध्या तापासारखाच दिसतो. तेथे पोट दाबून पाहणारा हात आणि रक्ताची तपासणी हवी. सर्पदंशावरचे प्रतिविष तर फोनमधून टोचता येत नाही.

८/ २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी शिरोळ तालुक्यातील गावांना वेढले. अशा वेळी दूरचा डॉक्टर मोठा आधार ठरू शकतो. पण वीज गेली की मोबाईलचा टॉवरही फार काळ तग धरत नाही.

९/ सर्वांत शहाणा मार्ग ई-संजीवनीच्याच दुसऱ्या रूपात आहे : उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला तपासतो आणि पडद्यावरचा डॉक्टर त्याला सल्ला देतो. स्पर्शन गावात, अनुभव दूर शहरात.

१०/ धोका एकच. पडदा आहे म्हणून गावातील डॉक्टरचे पद रिकामे ठेवण्याची सवय लागली, तर १९४६ चा विचार उलटा फिरेल. पूल झाला म्हणून नावाड्याला निरोप देणाऱ्या गावाने एकदा महापुराची आठवण करावी.