चष्मा नसलेली मुलगी हवी

मुलाच्या डोळ्यांवर चष्मा असला की तो अभ्यासू ठरतो, मुलीच्या डोळ्यांवर असला की तिचे जमणे अवघड होते. हा भेद आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत आणि त्याची कुणाला शरम वाटत नाही. विवाहमंडळांच्या छापील अर्जात उंची, रंग, रक्तगट, नाडी, गण यांच्या ओळीतच ‘चष्मा : आहे / नाही’ असा रकाना असतो. तो दोघांच्याही अर्जात असतो, पण बोट ठेवून वाचला जातो तो मुलीच्याच. मग मुलीचे वडील कुणी विचारायच्या आतच सांगून टाकतात, “नंबर आहे थोडा, पण लग्नाआधी लेझर करून घेणार आहोत.” मुलगी शेजारीच बसलेली असते. तिला कुणी काही विचारत नाही.

माझे भांडण लेझरशी नाही. मद्रास विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत दाखवून दिले की एक्सायमर लेझरने शेजारची पेशी न भाजता सजीव ऊतीचा अगदी पातळ थर उडवता येतो. चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया त्या शोधावर उभी राहिली. एखाद्या मुलीला स्वतःलाच चष्मा नकोसा झाला असेल, तिने सगळे समजून घेतले असेल, तर तो तिचा अधिकार आहे. माझा आक्षेप आहे तो दुसऱ्याच्या पसंतीसाठी तिचा डोळा टेबलावर ठेवणाऱ्यांवर.

तिथे काय होते ते या लोकांनी कधी विचारले आहे का? लासिक या लेझर शस्त्रक्रियेत बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा एक पातळ पापुद्रा कापून दाराच्या फळीसारखा उघडतात, आतल्या भागावर लेझर चालवतात आणि पापुद्रा परत बसवतात. त्या पडद्यात मज्जातंतूंचे दाट जाळे असते. डोळा कोरडा पडतो आहे हा निरोप तेच मेंदूला पोहोचवतात, मग अश्रू सुटतात, पापणी मिटते. पापुद्रा कापताना हे तंतूही कापले जातात. ते पुन्हा वाढतात, पण त्याला महिने लागतात, पुष्कळांना सहा महिने ते वर्ष. तोवर डोळ्यांत खुपते, चुरचुरते, संध्याकाळी अक्षरे पुसट होतात. काहींचा कोरडेपणा त्यानंतरही राहतो. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटे अडकवून अश्रू किती येतात ते मोजतात. मुळातच कोरड्या डोळ्याला चांगला डॉक्टर आधी उपचार सांगतो, कधी सरळ नको म्हणतो. अशा वेळी वडील दुसरा डॉक्टर शोधतात, कारण तारीख धरलेली असते.

आणि मग येतात थेंब. कृत्रिम अश्रूंचे, वंगणासारखे काम करणारे हे थेंब शस्त्रक्रियेचाच भाग आहेत. आपल्याकडे मात्र ते शोभेचे समजले जातात. डॉक्टर बिनप्रिझर्व्हेटिव्हचे लिहून देतो, एकेका वेळेच्या छोट्या नळ्यांतले. मेडिकलवाला म्हणतो, “सेमच आहे, ही बाटली स्वस्त पडेल.” सेम नाही. बऱ्याच बाटल्यांत जंतू होऊ नयेत म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड घातलेले असते. दिवसातून एक-दोनदा थेंब घालणाऱ्याला ते बहुधा सोसते, पण जखमी, कोरड्या डोळ्यात दर दोन तासांनी तेच पडत राहिले तर पडद्याच्या वरच्या पेशी दुखावतात आणि ज्यासाठी थेंब घातले तो त्रासच वाढतो. शस्त्रक्रियेवर हजारो रुपये मोजणारा बाप नळ्यांच्या खोक्याची किंमत ऐकून का कचरतो? कारण चष्मा गेला, त्याचे काम झाले.

त्याहून वाईट प्रकार साखरपुड्याच्या फोटोंआधी होतो. डोळे लाल दिसतात म्हणून लाली घालवणारे थेंब आणले जातात. त्यांतले नॅफाझोलिनसारखे औषध रक्तवाहिन्या आवळते, लाली काही तास दबते आणि पुन्हा उसळते. कोरडेपणावर तो इलाज नाही. कुणी उरलेले स्टेरॉइडचे थेंबच चालू ठेवते. ते डॉक्टर ठरलेल्या काळापुरते देतो आणि टप्प्याटप्प्याने बंद करतो, कारण लांबले तर डोळ्यातला दाब काही न जाणवता वाढतो आणि काचबिंदूची वाट मोकळी होते. गुलाबपाणी आणि मध घालायला सांगणाऱ्या मावश्यांना तर हात जोडून थांबवावे लागते.

खरे तर थेंब घालणे फार सोपे आहे. हात साबणाने धुवायचे, नळीचे टोक पिळून उघडायचे, मान मागे टाकून खालची पापणी हलकेच ओढायची आणि टोक पापणीला, केसांना न लावता एकच थेंब सोडायचा. डोळ्यात तेवढेच मावते, दुसरा गालावर ओघळतो. मग डोळा मिनिटभर शांत मिटायचा, चोळायचा नाही. दुसरे औषध असेल तर पाच-दहा मिनिटे थांबायचे, जेल असेल ते सर्वांत शेवटी, झोपताना, कारण त्याने धूसर दिसते.

एवढे साधे काम माझ्या ओळखीतल्या एका मुलीने सासरी मोरीत कडी लावून केले. निघताना आईने बजावले होते, “ऑपरेशनचं तिथे बोलू नकोस.” नळ्या तिने सॅनिटरी पॅडच्या पाकिटात ठेवल्या, कारण घरात त्या पाकिटाला कुणी हात लावत नसे. दर दोन तासांनी मोरीत जाता येईना, म्हणून थेंब दिवसातून दोनदावर आले. फोडणीच्या वाफेत आणि पंख्याच्या वाऱ्यात डोळे आणखी सुकले आणि वाहू लागले. कोरडा डोळा चुरचुरला की उलट पाणी सोडतो, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हते. सासूबाई शेजारणीला सांगू लागल्या, “सारखी डोळे पुसते. आमच्याकडे काय कमी आहे हिला?” बिनचष्म्याची सून त्यांनीच पसंत केली होती.

हा दोष एकट्या सासूचा नाही. मुलीला लपवायला शिकवणारी आई यात आहे. स्वतः जाड भिंगांतून तिचा फोटो न्याहाळणारा मुलगा यात आहे. लग्नसराईच्या तोंडावर ‘चष्म्यापासून मुक्ती’च्या जाहिराती करून कोरडेपणाचे दोन शब्द बारीक टायपात टाकणारे दवाखानेही आहेत. हुंडाबंदीचा कायदा 1961 साली झाला. आता पैसे उघड मागता येत नाहीत, तर आपण मुलीच्या शरीरातच दुरुस्त्या मागू लागलो आहोत.

ज्यांच्या घरात हे ठरलेच आहे, त्यांनी निदान इतके करावे. नंबर वर्षभर स्थिर असल्याशिवाय हात लावू देऊ नये. मुलीला एकटीला डॉक्टरशी बोलू द्यावे आणि ती ‘नको’ म्हणाली तर ते मान्य करावे. शस्त्रक्रियेची तारीख मुहूर्त बघून काढू नये. बसवलेला पापुद्रा पूर्वीइतका घट्ट कधीच होत नाही, आणि आपल्या मांडवात होमाचा धूर असतो, नेम धरून फेकलेल्या अक्षता असतात, खोट्या पापण्यांचा डिंक असतो. मध्ये काही महिने गेलेच पाहिजेत. नळ्यांचे खोके सासरी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर राहावे, त्याचा खर्च बिनचष्म्याची सून मागणाऱ्या घराने करावा, डॉक्टरने थांबवल्याशिवाय थेंब थांबू नयेत, आणि पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर नवऱ्याने रजा काढून जावे.