आणी, आणि आणि तारीख

संगणकातल्या फाइलीची तारीख बदलली म्हणून ज्याला जेवण गेलं नाही, असा माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी. हसा, पण आधी माझी बाजू ऐका.

२००६ ते २०११ या काळात संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आई आठवणी सांगायची आणि मी टाइप करायचो. एका संध्याकाळची एक फाइल. अशा १४३ झाल्या. आत तारीख कधी घातली नाही. संगणक ती स्वतःच नोंदवतो, मग आपण कशाला? शेवटची फाइल 'कैरीचं लोणचं'. ११ मार्च २०११, संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटं. मोहरी किती फेसायची ते राहिलं. "उद्या सांगते," म्हणाली. पुढची फाइल नाही.

गेल्या वर्षी लक्षात आलं की मी जागोजाग 'आणि'चं 'आणी' केलंय. पुतण्यानं लिनक्सची ती काळी खिडकी उघडली, 'सेड' नावाची एक ओळीची आज्ञा दिली आणि पापणी लवायच्या आत सगळे 'आणी' सुधारले. आईची १९७५ सालची आणीबाणीसुद्धा 'आणिबाणी' झाली. ती मी हातानं पुन्हा लागू केली.

पण तारखा गेल्या! ज्या फाइलीत एकही 'आणी' नव्हता तिच्यावरही आजची तारीख. हे सेड महाशय जुन्या कागदावर खाडाखोड करतच नाहीत. नवी फाइल लिहून जुनीच्या जागी बसवतात.

"काका, तारखेत काय एवढं?"

अरे, जीर्णोद्धार केला म्हणून देवळाच्या शिलालेखावरचा शक कोणी खोडतं का? एका वेलांटीपायी आईची पाच वर्षं एका मंगळवारात कोंबायची?

"पण मागची तारीख घालणं म्हणजे लबाडीच."

मुळीच नाही. मजकूर कधी बदलला ही तारीख वेगळी आणि फाइलीच्या नोंदीत फेरफार कधी झाला ही वेगळी. 'टच' या आज्ञेनं पहिली मागे नेता येते. दुसरीवर आजचाच शिक्का बसतो. चोर पकडायला तेवढा पुरे. बाकी हिशेबाच्या वहीत मी असं करणार नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनीही करू नये. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी केलेला 'मेक' तारखा पाहूनच ठरवतो की कुठला भाग नव्यानं बांधायचा. पण आईचं लोणचं म्हणजे प्रोग्रॅम नव्हे!

सुदैवानं बॅकअपच्या डिस्कवर जुन्या प्रती जुन्या तारखांसह होत्या. 'टच'ला 'आर' जोडलं की 'त्या फाइलीची तारीख हिला लाव' असं सांगता येतं. १४३ तारखा परतल्या. मी विजयी मुद्रेनं पुन्हा बॅकअप घेतला.

इथे मात्र पुतण्या जिंकला. बॅकअप घेणारा 'आर-सिंक' एरवी फाइलीचा आकार आणि तारीख एवढंच बघतो. तारीख तीच. आकारही तोच, कारण यूटीएफ-८ मध्ये ऱ्हस्व वेलांटी तीन बाइटांची आणि दीर्घही तीनच बाइटांची! शुद्धलेखनाच्या तासाला छड्या खाल्लेल्या माणसाला हे पन्नास वर्षांनी कळावं? 'काही बदललेलं नाही' म्हणून आर-सिंक पुढे गेला. महिन्याभरानं संगणकातल्या डिस्कनं मान टाकली आणि बॅकअपमधून सगळे 'आणी' वाजतगाजत घरी आले.

तरी मी हटलो नाही. आर-सिंकला आतला मजकूर ताडून बघायला सांगता येतं. तारीख मागे नेली त्या दिवशी तेवढं सांगायला विसरलो, ही चूक माझी. तारखेची नव्हे. सगळं पुन्हा केलं. वेलांटी सुधारली तर तारीख जुनीच राहू द्या. गोष्ट बदलली तर नवी येऊ द्या, एवढंच माझं म्हणणं.

परवा बहिणीनं मोहरीचं प्रमाण सांगितलं. पुतण्या ते लोणच्याच्या फाइलीत घालायला निघाला होता. मी त्याचा हात धरला. त्याची वेगळी फाइल केली. तिच्यावर परवाची तारीख आहे.