मेघांतलें कोठार आणि काठीचें पाणी

कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत पर्जन्यमापक ठेवावयास सांगितला आहे, हें पुष्कळांस ठाऊक असतें. पण तो कोठें ठेवावयास सांगितला, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. अरत्निभर तोंडाचें तें कुंड राजवाड्यांत नव्हे, देवळांतही नव्हे, तर कोष्ठागारांत, म्हणजे धान्याच्या कोठारांत, मांडावें अशी त्याची आज्ञा आहे. पाऊस फार कीं थोडा हें पाहून त्याप्रमाणें पीक पेरावयाचें. अवंतीचा पाऊस त्यानें तेवीस द्रोण दिला आहे; अपरांताचा, म्हणजे आपल्या कोंकणाचा, मात्र 'अमित' म्हणून सोडून दिला आहे! पाऊस मोजणारा आणि त्यावरून निर्णय घेणारा एकाच छपराखालीं असावेत, ही त्या आज्ञेंतली खुबी आम्हांस फार मोलाची वाटते.

हल्लीं महाराष्ट्रांत पाणी मोजणारे थोडे नाहींत. हवामान खातें पाऊस मोजतें. 'महावेध' योजनेंतील स्वयंचलित यंत्रें महसूल मंडळागणिक उभीं आहेत. धरणांच्या पातळ्या जलसंपदा विभाग टिपतो. नद्यांचा प्रवाह केंद्रीय जल आयोग पाहतो. आणि निरीक्षणविहिरींतील पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षांतून चार वेळां मोजते. परंतु एकाची मोजणी क्युसेकमध्यें, दुसऱ्याची दशलक्ष घनमीटरांत, तिसऱ्याची टीएमसींत. आणि ज्याची त्याची वही ज्याच्या त्याच्या कपाटांत. जागतिक बँकेच्या साहाय्यानें १९९५ सालीं जो जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला, त्यांत ह्या वह्या प्रथम संगणकांत आल्या. पण कचेरीगणिक संगणक निराळा होता, त्यामुळें कपाटें बदललीं, भिंती राहिल्या. पुढें २००६ मध्यें प्रकल्पाचा दुसरा टप्पा आणि २०१६ पासून राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प आला, व एकत्र नोंदणीची व्यवस्था उभी राहूं लागली.

ह्याच्याही पुढची पायरी म्हणजे 'क्लाउड डेटा वेअरहाऊस'. नांवांत मेघ असला तरी हें कोठार जमिनीवरच असतें: दूर कोठें तरी मोठाल्या इमारतींत हजारों संगणक चालू असतात, व त्यांतील जागा आणि शक्ति भाड्यानें घ्यावयाची. केंद्र सरकारच्या अशा व्यवस्थेचें नांव तर 'मेघराज' असेंच आहे. ह्या कोठाराचे विशेष दोन. साध्या नोंदवहींत एका दिवसाची सारी हकीकत एका ओळींत मांडतात. येथें रकाने सुटे रचतात. तेव्हां तीस वर्षांतल्या केवळ मे महिन्याच्या पातळ्या हव्या असल्या, तर बाकीच्या रकान्यांस हात लावावा लागत नाहीं. दुसरा विशेष असा कीं, सांठवण आणि आकडेमोड ह्यांचा खर्च वेगळा. चार दिवसांच्या कार्यासाठीं बारा महिने दहा आचारी कोणी पदरीं ठेवीत नाहीं. त्याचप्रमाणें पुराच्या आठवड्यांत शंभर संगणक कामास लावावे आणि पाणी ओसरलें कीं सोडून द्यावे.

ह्याचा उपयोग काय, असें विचारणाऱ्यांनीं तापीकडे पाहावें. तिचें पाणलोट क्षेत्र सुमारें ६५ हजार चौरस किलोमीटर. त्यांतील जवळजवळ चार पंचमांश महाराष्ट्रांत, कांहीं मध्य प्रदेशांत, आणि सुरत शहर गुजरातेंत अगदीं मुखाशीं. ऑगस्ट २००६ मध्यें उकाई धरणांतून सुमारें ९ लक्ष क्युसेकपर्यंत पाणी सोडावें लागलें व बहुतेक सुरत बुडाली. धरण कसें चालविलें गेलें, ह्यावर मागाहून पुष्कळ वाद झाला. त्यांत आम्ही शिरत नाहीं. परंतु तीन राज्यांतला पाऊस, वरच्या धरणांचे दरवाजे आणि खालच्या जलाशयांतली मोकळी जागा हीं एकाच पटावर तासातासाला दिसलीं, तर दार केव्हां उघडावें हें ठरविणाऱ्यास कांहीं प्रहर अधिक मिळतात, आणि पुरांत प्रहराची किंमत माणसांच्या जिवानें मोजली जाते.

तापीच्या उत्तरेस, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्यावर काठी हें गांव आहे. राजवाडी होळीमुळें त्याचें नांव दूरवर गेलें. ह्या डोंगराच्या कण्यावर पडलेलें पाणी उत्तरेस नर्मदेला आणि दक्षिणेस तापीला जातें. पाऊस वाईट नाहीं. परंतु उतार उभा, खडक काळा बेसाल्ट, आणि वरची माती पातळ. आश्विनांत खळखळणारा ओहोळ वैशाखांत कोरडा पडतो, आणि बायका झिऱ्याकडे घडे घेऊन निघतात.

आतां कोठाराच्या रचनाकारानें प्रथम जो प्रश्न विचारला पाहिजे, तो असा: एक ओळ म्हणजे काय? एक जिल्हा, एक तालुका, एक गांव, कीं एक विहीर? ज्या मापाची ओळ धराल, त्याहून बारीक वस्तु पुढें कितीही संगणक लावले तरी दिसणार नाहीं. सातपुड्यांतील भिल्लांची वस्ती आपल्या देशावरच्या गांवासारखी एका वेशींत नसते. ती पाड्यापाड्यांनीं डोंगरभर विखुरलेली असते. एका पाड्याखालीं झिरा वाहता असतो, दुसऱ्याचा पौषांतच आटतो. 'काठी' ही एक ओळ लिहिली, तर दोहोंची सरासरी निघते, आणि सरासरीनें कोणाचा घडा भरत नाहीं. नांवांचाही घोळ लहान नाहीं. तेंच नांव एक कारकून एका प्रकारें लिहितो, दुसरा निराळें. यंत्रास तीं दोन गांवें वाटतात. म्हणून शासनानें गांवांस संकेतांक दिले आहेत. तसेच अंक पाड्यांस आणि झिऱ्यांस देऊन कोठाराची ओळ तेथपर्यंत उतरवावी, एवढें आमचें मागणें आहे.

आकड्यांची किंमत ह्या डोंगरास शिकवावयास नको. नर्मदा लवादानें १९७९ मध्यें नदीचें पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरून वांटलें. महाराष्ट्राच्या वांट्यास पाव दशलक्ष आलें. गरुडेश्वर येथील प्रत्यक्ष मोजणी १९४८ पासूनची. त्यापूर्वींचे प्रवाह पावसाच्या नोंदींवरून अनुमानलेले. मोजणीचीं वर्षें वाढलीं, तेव्हां पाणी २३ दशलक्षांच्याच आसपास असल्याचें प्रतिपादन होऊं लागलें. तोंवर धरणाची उंची ठरून गेली होती, आणि त्याच्या जलाशयासाठीं अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गांवें बाधित ठरलीं. आकडा कोठें तरी दूर लिहिला जातो, आणि त्याचें पाणी दुसऱ्याच्या अंगणांत चढतें.

म्हणूनच माहिती वर चढते तशी ती खालीं उतरली पाहिजे. अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवानें पोपटराव पवार ह्यांच्या नेतृत्वाखालीं हें करून दाखविलें आहे: गांवचा पाऊस गांवानेंच मोजावयाचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेंत मांडावयाचा, आणि पाणी थोडें असेल तर त्या वर्षीं कोणतें पीक घ्यावयाचें नाहीं तें तेथेंच ठरवावयाचें. तेथें मेघांतलें कोठार नव्हतें. कौटिल्याचें छप्पर मात्र होतें.

काठीच्या एखाद्या पाड्यावर आठवी शिकलेली मुलगी दर पंधरवड्यास झिऱ्याची खोली दोरीनें मोजून दूरध्वनीवर पाठवूं शकेल. त्या कामाचा मेहनताना तिला मिळावा, आणि तिनें पाठविलेल्या आकड्याचें उत्तर, म्हणजे हें पाणी किती आठवडे पुरेल आणि टँकर केव्हां मागवावा, तिच्या भिली बोलींत, फाल्गुन संपण्यापूर्वीं तिला परत मिळावें.